अक्काच्या बाजूचा दांडा

संपादकांचा फोन आला. "रफिकभाई, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. सोफे, रिक्लायनर, तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तर हसू येईना, संतापच यायला लागला. गंमत कसली डोंबलाची? जन्मभर लोकांना आरामात बसवायचं काम केलं, आणि त्यातली निम्मी माणसं उभीच राहिलेली बघितली. ज्यांना नुसतं हसायचंय त्यांनी खुशाल पानं उलटून पुढचा लेख काढावा.

मी जळगावचा. वडील पिंजारी, खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली कापूस पिंजत फिरायचे. कापसाच्या गाद्या मागे पडल्या, फोमचे सोफे आले, तेव्हा मी सोफे शिवायला शिकलो. मग रिक्लायनर आले, तेही शिकलो. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रिक्लायनर म्हणजे मागे रेलणारी आणि पाय वर उचलून धरणारी खुर्ची. बाजूला एक दांडा असतो. तो मागे ओढला की पायाखालची फळी वर येते आणि पाठ मागे कलते. खेड्यातली माणसं तिला लोळायची खुर्ची म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. जोडीचा रिक्लायनर म्हणजे अशा दोन खुर्च्या शेजारी शेजारी जखडलेल्या. पण आतलं लोखंड दोघींचं वेगळं, स्प्रिंगा वेगळ्या, दांडे वेगळे. कारण नवराबायको एका मापाचे नसतात. एवढी साधी गोष्ट, पण ती लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले.

निवडायचा कसा, तेही सांगून टाकतो. दोघांनी दुकानात यावं आणि दोघांनी बसावं. नुसतं टेकून उठायचं नाही, चहा येऊन पिऊन होईपर्यंत बसायचं. तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. गादीची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत, नाहीतर पायाला मुंग्या येतात. रेलल्यावर उशीने मान पुढे ढकलायला नको. आणि उठताना कुणाचा हात न धरता उठता आलं पाहिजे. आमच्या खानदेशच्या उन्हाळ्यात रेक्झिन पाठीला चिकटतं, म्हणून कापडच घ्यावं. मागे भिंतीपासून हातभर जागा सोडावी. हे सगळं मी घसा फोडून सांगतो. लोक माना डोलावतात, घरी जाऊन भिंतीला चिकटवतात, वरचं प्लास्टिक काढत नाहीत, त्यावर चादर अंथरतात, चादर लोखंडात अडकते आणि मग फोन करून मलाच झापतात.

अमळनेरच्या एका जोडप्याने हट्टाने मोटरचा घेतला, बटण दाबलं की पाय वर. मी म्हटलं, तुमच्याकडे लाइट किती जाते ते बघा, दांड्याचा घ्या. ऐकलं नाही. एका दुपारी फोन. "रफिकभाई, लाइट गेली, आमचे दोघांचे पाय वर अडकलेत आणि दारात पाहुणे उभे आहेत!" पाहुण्यांनीच मग आत येऊन यजमानांना उतरवून घेतलं. झालं संपादकांचं हसू? आता माझं ऐका.

धुळ्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. नवराबायको, दोघं साठीच्या पुढचे. गृहस्थ धिप्पाड, बाई बारीक. ते दुकानातल्या एकेका रिक्लायनरवर बसले, रेलले, पाय वर केले, एकावर तर डोळे मिटून घेतले. बाई शेजारी पर्स छातीशी धरून उभ्या. मी म्हटलं, "भाभी, आता तुम्ही बसा." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "तिचं काही नाही हो. ती कुठंही बसते."

तो काही वाईट बोलला असं त्याला वाटलंच नाही, बाईंनाही वाटलं नाही, त्या हसल्या. माझ्याच डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "साहेब, मग एकट्याचा घ्या आणि भाभींसाठी सतरंजी घ्या." उठला तो. तडातडा बोलला, बायकोला घेऊन निघून गेला आणि पलीकडच्या दुकानातून जोडीचाच घेऊन गेला. माझा भाऊ माझ्यावर ओरडला, "तुला सोफे विकायचेत की दुनिया सुधारायचीय?" दुनिया गेली खड्ड्यात. जोडीचा सोफा दोघांनी बसून बघितल्याशिवाय विकायचा नाही, हा माझा नियम त्या दिवसापासूनचा. आणि कुणी असं समजू नये की हे कुठल्या एका जातीचं, एका धर्माचं दुखणं आहे. आमच्या मोहल्ल्यात जाऊन बघा, तिथेही सोफ्यावर मर्द आणि दारात औरत. माझ्या घरचं विचाराल तर माझी शकीला आडवी पसरते आणि मला कोपरा मिळतो, पण आमचं घर वेगळं.

आता अक्काची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझ्या डोक्याची आग शांत व्हायची नाही.

चोपड्याजवळच्या एका गावातलं केळीवालं घर. नाना आणि अक्का, दोघं सत्तरीला आलेले. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याने फोन केला. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून ताकीद दिलीय, पाय वर करून बसायला सांगितलंय. "आईवडिलांसाठी चांगला जोडीचा रिक्लायनर करून द्या रफिकभाई, दोघं आरामात टीव्ही बघतील." एवढ्या लांबून अक्काला दुकानात आणणं शक्य नव्हतं, म्हणून मीच माप घ्यायला गेलो. पोरगा आईचा विचार करतोय, याचं मला कौतुक वाटलं होतं.

नाना उंच, लांब टांगांचे, कमी बोलणारे. अक्का माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. खाटेच्या कडेला बसून तिने माप दिलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मी टेप धरला तेव्हा हसत सुटली. "शिंपी ब्लाउजनं माप लेस, तुमी तं पायनं लेतस!" शिंपी ब्लाउजचं माप घेतो आणि तुम्ही तर पायाचं घेता, असं. उठताना मात्र तिचं हसू पळालं. दोन्ही हात खाटेवर रोवले, ओठ दाबले आणि कशीबशी उभी राहिली. मी त्याच वेळी ठरवलं की हिची खुर्ची हिच्याच मापाची करायची. नानांची बाजू उंच आणि खोल, अक्काची बुटकी आणि आखूड. वरून पाठ एका रेषेत दिसेल, कापड एकच, पण बसल्यावर फरक कळेल. रिक्लायनर बंद करायला टाचांनी फळी खाली दाबावी लागते. अक्काच्या गुडघ्यात तेवढा जोर नव्हता, म्हणून तिच्या बाजूला लांब दांडा बसवला. मागे ओढला की पाय वर, हाताने पुढे रेटला की पाय खाली. खरं सांगतो, इतकं जीव लावून मी दुसरं काम केलेलं नाही.

माल पोचता केला, तेव्हा नानांचे मोठे भाऊ आबा घरात होते. शेजारच्याच घरात राहतात, बायको वारली आहे, जेवायला आणि टीव्ही बघायला इकडेच. खुर्ची ठेवली, नाना एका बाजूला बसले, आबा दुसऱ्या बाजूला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावरून पदर घेऊन उभी. मला वाटलं, नवी वस्तू आहे, मोठा माणूस बसून बघतोय, बघू दे. मी चहा पिऊन निघालो.

थोड्याच दिवसांत पुण्याहून फोन. "रफिकभाई, एका बाजूची सीट खराब आहे. खड्डा आहे. आबांचे गुडघे छातीला लागतात, मान दुखते. उंच करून द्या."

मी म्हटलं, "आबांचे? ती बाजू आबांची नाही. अक्काची आहे."

"हो, पण बसतात आबा ना."

मी तडक चोपड्याची गाडी पकडली. घरात शिरलो तर हेच. टीव्हीवर बाजारभाव चालू, नाना आपल्या जागेवर ताठ बसलेले, आबा अक्काच्या जागेवर गुडघे वर काढून अवघडलेले, आणि अक्का? खाली फरशीवर, दाराला टेकून, पाय लांब करून शेंगा निवडत! जिच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, ती फरशीवर! माझा तोल सुटला. "अरे काय चाललंय काय? नाना, ही खुर्ची कुणासाठी केली? पोराने कुणासाठी पाठवली? मी माप कुणाचं घेतलं होतं?"

अक्काच म्हणाली, "राहू द्या भाऊ. मी कोठेबी बसस. माले सवय शे."

ती कुठंही बसते. धुळ्याच्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा राग आला होता, पण तो परका होता. हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग मला उलगडा झाला. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे जेठ. जेठ घरात असला की धाकट्याच्या बायकोने उंचावर बसायचं नाही, पदर घ्यायचा, उभं राहायचं किंवा खाली बसायचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून अक्काने हे पाळलेलं. माप घेतलं तेव्हा आबा मळ्यात होते, म्हणून ती खाटेवर बसली होती. मी आबांना हात जोडून विचारलं, "आबा, तुम्ही तिला बसू नको म्हणता का?"

आबांना खरंच नवल वाटलं. "मी? मी कधी ना म्हटलं? बठ्ठं घर तिचंच शे." सगळं घर तिचंच आहे, म्हणे.

ना कुणी म्हटलंच नव्हतं. पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी सांगितलं, सीट एक बोटभरही उंच होणार नाही, मी करणार नाही आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर पुन्हा या खुर्चीला शिवणार नाही. आबा बिचारे उठले, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं, जिंकलो. कपाळ माझं.

महिना जातो न जातो तोच अक्काच्या बाजूचा दांडा तुटला. कामगाराला पाठवून नवा बसवला. तोही तुटला. पुण्याहून आता आवाज चढलेला. "तुमचा माल फालतू आहे रफिकभाई. नानांचा दांडा कसा तुटत नाही?" मलाही तेच कळेना. तुटला होता जोडाजवळ, कुणीतरी सगळी ताकद लावून हिसका द्यावा तसा. सत्तरीची बारकी बाई असा हिसका कशाला देईल? मी स्वतः गेलो, जाड लोखंडाचा दांडा बसवला, अक्काला म्हटलं बसून दाखवा. ती बसली. पाय वर घेतले. शेजारी नाना. दोघं टीव्हीकडे बघायला लागले, आणि तिच्या चेहऱ्यावर जो काही आराम उतरला तो बघून मी माझं सामान आवरायला घेतलं.

एवढ्यात अंगणातून खाकरण्याचा आवाज आला. जेठाने घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे आत बायकांना कळतं, ही त्याच्या बाजूची रीत.

"आबा उनात!" आबा आले, असं अक्का म्हणाली, आणि तिने दांड्याला असा धक्का मारला की अख्खी खुर्ची हलली. पाय खाली आदळले, ती पुढे झेपावली, भिंत धरली, कळ आली तरी तोंडातून आवाज पडू दिला नाही. आबा उंबऱ्यात येईपर्यंत ही पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी! आबा नेहमीसारखे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांना काहीच दिसलं नाही. दिसणारच नाही, कारण न दिसण्यासाठीच तर ते खाकरले होते. आणि आबा काय दिवसातून एकदा येत होते? चहाला येत, जेवायला येत, बातम्यांना येत, मध्येच तंबाखूची डबी विसरली म्हणून येत.

मी नानांना बाहेर ओट्यावर बोलावून घेतलं. म्हटलं, "नाना, ती एक दिवस पडणार. दांडा नाही, हाड मोडेल. तुमच्या भावाला एक शब्द बोला."

नाना जमिनीकडे बघत राहिले. "मोठा भाऊ शे मना. बापनी जागावर. त्यासले मी काय सांगू?" आणि मग हळूच म्हणाले, "त्यासना समोर मी बी पाय वर करत नही." हे मला माहीत नव्हतं. म्हणजे हा माणूसही एवढा महागडा रिक्लायनर घेऊन मोठ्या भावासमोर ताठ बसत होता! मला त्याची दया आली असेल असं वाटत असेल तर नाही आली. तो निदान बसत होता.

आणि व्हायचं तेच झालं. पोराचा फोन. "अक्का पडली. मनगट मोडलं. तुमचा दांडा तुटला म्हणून पडली." माझा दांडा! मी दुकानात उभा राहून एवढ्या मोठ्याने ओरडलो की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "दांड्यामुळे नाही पडली, बाबा! खाकरण्यामुळे पडली! तुझ्या घरात एकाने खाकरायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं आणि तिने उड्या मारायच्या! तू पुण्यातून खुर्ची पाठवलीस, एक फोन आबांना केलास?" तो म्हणाला, "आबांना कसं बोलणार हो?" फोन ठेवून दिला मी.

तरी गेलो. काम आपलं, सोडणार कसं? अक्काचा हात प्लास्टरमध्ये. चेहरा उतरलेला. मला बघून म्हणाली, "भाऊ, तुमनी खुर्ची चांगली शे. मीच घाई करी." अजून चूक तिचीच! मी दात आवळून कामाला लागलो. स्प्रिंग पुन्हा बसवायची तर माणसाचं वजन लागतं, म्हणून अक्काला बसवलं. दांडा तर तुटलेला, म्हणून पकडीने आतला खिळा फिरवून पाय वर घेतले. नानांना म्हटलं, तुम्हीही बसा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघू. मग तुटका तुकडा काढून टाकला. नवा दांडा हातात घेतला.

अंगणातून खाकरण्याचा आवाज आला.

अक्काचा हात दांड्याकडे गेला. तिथे दांडा नव्हता, तो माझ्या हातात होता. तिने टाचांनी फळी दाबायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही. "भाऊ!" ती मला म्हणाली. "भाऊ, लवकर!"

मी नवा दांडा पिशवीत टाकला आणि चेन लावली. विसरून नाही, घाबरून नाही. शुद्धीत, ठरवून.

आबा उंबऱ्यात आले आणि थबकले. अक्काने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता, प्लास्टरचा हात पोटाशी धरला होता, आणि तिचे दोन्ही पाय जेठाच्या दिशेने समोर ताणलेले होते. भेगाळलेल्या टाचा, बोटांतली जोडवी, सगळं उजेडात. लग्नापासून आजवर आबांनी तिला असं उंचावर बसलेलं बघितलं नसेल. आबा एकदा तिच्या हाताकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मी नजर खाली घेतली नाही. बोललोही नाही. बोलायचं ते सगळं आधी बोलून झालं होतं, आता त्या घरातल्या माणसांनी बोलायचं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारी खट्ट असा आवाज झाला. नानांनी आपला दांडा ओढला होता. त्यांचे लांबलचक पाय मोठ्या भावासमोर वर आले आणि अक्काच्या पायांच्या बाजूला येऊन थांबले. नाना टीव्हीकडेच बघत होते. मान लाल झाली होती, पण पाय खाली घेतले नाहीत.

आबा बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग चपला काढल्या, आत आले, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. "केळीचा भाव काय निघाला रे?" त्यांनी विचारलं. नानांनी सांगितलं. पदराच्या आतून अक्का रडत होती, ते आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं आणि तिघंही भाव ऐकल्यासारखं करत होतो. मी निघताना नानांना दाखवून ठेवलं, समोर उभं राहून फळी हाताने दाबली की पाय खाली जातात, अक्काला काही करावं लागत नाही.

दांडा मी बसवला नाही. तो अजून दुकानात माझ्या टेबलाखाली पडला आहे. परवा पोराचा फोन आला होता. आवाज आता साधा होता. आबा आता अंगणातून खाकरत नाहीत, सरळ येतात, म्हणाला. मग म्हणाला, "रफिकभाई, अक्काच्या बाजूला दांडाच नाही. तिला उठायचं असलं की आधी नानांना उठावं लागतं. कधी बसवून देता?"

म्हटलं, माल यायचाय.